आंधळ्या सुईला डोळे कसे आले?

आजचा हिरो आहे एक सुई.

सार्कॉइडोसिस हा आजार बहुतेकदा फुफ्फुसांत आणि छातीच्या मधोमध, श्वासनलिकेला लागून असलेल्या लसीका ग्रंथींत बसतो. १८९९ मध्ये नॉर्वेच्या सीझर बोक यांना त्वचेवरच्या त्याच्या गाठी सार्कोमा या कॅन्सरसारख्या वाटल्या, म्हणून ‘सार्कॉइड’ म्हटलं. कॅन्सर नव्हताच, नाव मात्र चिकटलं. कोड लिहिणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

पण ओळखायचा कसा? एक्स-रेमध्ये टीबीच्या सुजलेल्या ग्रंथीही तशाच दिसू शकतात. १९४१ मध्ये नॉर्वेच्याच आन्सगर क्वाइम यांनी एक टेस्ट मांडली. एका सार्कॉइड पेशंटच्या शरीरातल्या गाठीचा किंवा प्लीहेचा अर्क दुसऱ्याच्या त्वचेत टोचायचा, चार-सहा आठवडे थांबायचं आणि तिथे पुळी आलीच तर तिची बायोप्सी! आज अंगावर काटा येतो, पण ही टेस्ट कित्येक वर्षं चालली.

१९५९ मध्ये स्वीडनच्या एरिक कार्लेन्स यांनी भूल देऊन, गळ्याखाली छेद घेऊन थेट त्या ग्रंथींपर्यंत जायची वाट काढली. खात्रीची पद्धत, पण अनेकांत आपोआप बरा होणाऱ्या आजारासाठी ऑपरेशन म्हणजे जरा जास्तच.

मग अमेरिकेत को-पेन वांग यांनी दुर्बिणीतून श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडे सुई घालायची पद्धत रुजवली. अडचण एकच: भिंतीपलीकडचं दिसत नाही. ग्रंथी कुठे असेल याचा अंदाज बांधायचा आणि टोचायचं. शेजारीच मोठ्या रक्तवाहिन्या!

इथे जपानची चिबा युनिव्हर्सिटी येते. दुर्बिणीच्या टोकालाच छोटी सोनोग्राफी बसवली, आणि २००४ मध्ये काझुहिरो यासुफुकु व सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष छापले. आता सुई ग्रंथीत शिरताना स्क्रीनवर लाइव्ह दिसते. छेद नाही, बरेच पेशंट त्याच दिवशी घरी.

फरक किती पडला? चंदीगडच्या पीजीआयमध्ये दोन्ही सुयांची थेट तुलना झाली, निकाल २०१४ मध्ये आले. आंधळ्या सुईने निदान सुमारे ४८ टक्क्यांत, बघणाऱ्या सुईने ७४ टक्क्यांत. मात्र दोन्हीकडे फुफ्फुसाचे आणि श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचे तुकडेही तपासले, तेव्हा हे अंतर बरंच कमी झालं. महागडं मशीन नसलेल्या हॉस्पिटलांसाठी ही छोटी बातमी नाही.

आपल्याकडे तर हा प्रश्न आणखी नाजूक. सार्कॉइडवाल्याला टीबी समजून सहा महिने गोळ्या दिल्या, तर त्या फुकट जातात. उलट टीबीवाल्याला सार्कॉइड समजून नुसती स्टेरॉइड्स दिली, तर टीबी भडकू शकतो. दोन्हींत सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे बारीक पुंजके, दिसतात. म्हणून सुईने काढलेला नमुना टीबीच्या कल्चरला आणि जीन-एक्सपर्टलाही पाठवतात. तिथे जंतू सापडले नाहीत तरी डॉक्टर लगेच शिक्का मारत नाहीत. सीटी स्कॅन, लक्षणं, औषधांचा परिणाम, सगळं जुळवून बघतात. सुईला डोळे आले, पण ती निकाल एकटी देत नाही.