बालकांचा अंतर्गळ : एका उपचाराचा इतिहास

मूल रडले की त्याच्या जांघेत एक लहानशी फुगवटी उमटते आणि ते शांत झोपी गेले की ती नाहीशी होते. न्हाऊ घालणाऱ्या आईच्या किंवा आजीच्या हाताला ती प्रथम लागते. डॉक्टरांकडे नेईपर्यंत बहुधा ती लपलेली असते. मराठीत या विकारास अंतर्गळ हा अर्थवाही शब्द आहे. व्यवहारात आपण सर्वजण हर्निया म्हणतो. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या शंभर बालकांपैकी साधारण १ ते ५ बालकांना हा विकार होतो; दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बालकांत हे प्रमाण १० ते ३० पर्यंत जाते. मुलींपेक्षा मुलांत तो कित्येक पटींनी अधिक आढळतो आणि दर दहा रुग्णांपैकी सुमारे सहांत तो उजव्या बाजूस असतो. बालशल्यचिकित्सकाच्या टेबलावर नित्य येणाऱ्या शस्त्रक्रियांत याचा क्रमांक फार वरचा आहे. आज ही शस्त्रक्रिया बहुधा तासाभरात आटोपते. परंतु एवढ्या लहान उपायापर्यंत पोहोचण्यास मानवाला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली आणि या विलंबाचे कारण हत्यारांच्या अभावाइतकेच एका चुकीच्या समजुतीतही होते. त्या समजुतीचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम विकाराचे स्वरूप पाहू. गर्भावस्थेत मुलाचे वृषण पोटात, मूत्रपिंडाच्या शेजारी तयार होते. गर्भाच्या सातव्या महिन्याच्या सुमारास ते जांघेतील मार्गाने खाली उतरू लागते. त्याच्या वाटेवर पोटाच्या आतील अस्तराची, म्हणजे उदरावरणाची, एक नळीसारखी पिशवी आधीच खाली उतरलेली असते. वृषण आपल्या जागी पोहोचले की ही नळी मिटून जावी, अशी निसर्गाची योजना आहे. पुष्कळ बालकांत ती जन्मानंतर काही महिन्यांनी मिटते. काहींत मिटतच नाही. ती अरुंद राहिली तर केवळ पाणी झिरपून अंडाभोवती साठते. रुंद राहिली तर आतड्याचा वेढा तीतून खाली उतरतो. मुलींमध्येही अशीच एक चिंचोळी नळी असते. अँटोन नक या डच शारीरविदाने १६९१ साली तिचे वर्णन केले. मुलींच्या अंतर्गळात पुष्कळदा बीजांडकोशच उतरलेला आढळतो. सारांश, येथे पोटाची भिंत दुबळी नसते, स्नायू फाटलेला नसतो. एक दार मिटायचे राहिलेले असते, इतकेच.

ही साधी गोष्ट जुन्यांना ठाऊक नव्हती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वृद्धी या विकाराचे सात प्रकार सांगितले असून आंत्रवृद्धी हा त्यांतील एक होय. तेथील वर्णन वाचताना शल्यचिकित्सक थक्क होतो. फुगवलेल्या पखालीसारखी लांबट सूज, दाबली असता आवाज करीत वर जाणारी, सोडली असता पुन्हा फुगणारी : आजचा परीक्षार्थी याहून नेमके उत्तर लिहू शकणार नाही. अंडकोशात उतरलेली वृद्धी सुश्रुताने असाध्य मानली; जांघेपुरती असलेलीस अर्धचंद्राकृती शलाकेने डाग देण्यास सांगितले. कारणे मात्र कोणती दिली आहेत? ओझे वाहणे, बलवानाशी झुंज, झाडावरून पडणे. ही सारी कारणे प्रौढाची आहेत. पाळण्यातले मूल ओझे वाहत नाही आणि कोणाशी झुंजतही नाही. पाश्चात्त्य परंपरेतही हेच घडले. पोटाचे अस्तर फाटते किंवा ताणले जाते म्हणून आतडे बाहेर येते, ही गेलनच्या परंपरेतील धारणा शतकानुशतके टिकली; इंग्रजीत या विकाराला फाटण्याचा अर्थ असलेला शब्द रूढ झाला तो यामुळेच. प्रौढाचा विकार मुलाच्या अंगावर बेतून पाहिला गेला आणि मुलाच्या बाबतीत कारण म्हणून त्याच्या रडण्याला दोष देण्यात आला. रडण्याने फुगवटी दिसते, रडण्याने ती होत नाही, हा भेद आजही पुष्कळ घरांत समजावून सांगावा लागतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याची एक सूचना येथे नमूद केली पाहिजे. लहान मुलाचे आतडे उतरल्यास सुरी हाती घेण्यापूर्वी पट्टा बांधून पाहावा, असे तो सांगतो. चिंध्यांचा एक गोळा पट्ट्याच्या खालच्या टोकास शिवावा, तो फुगवटीच्या जागी बसवावा आणि पट्टा घट्ट आवळावा, असा तो उपाय. आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर तो उतरत नाही. तरीही त्याच्या काळात तो दयाळूपणाचाच होता, कारण सुरीचा पर्याय भयंकर होता. मध्ययुगीन युरोपात गावोगाव फिरणारे हर्निया कापणारे लोक पिशवीबरोबर त्या बाजूचे वृषणही काढून टाकीत. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रुआझ पारे याने या प्रकाराविरुद्ध कठोर शब्दांत लिहिले व पट्ट्याचा पुरस्कार केला. भूल नाही, जंतूंची कल्पना नाही, अशा काळात पारेची बाजू बरोबर होती, असेच म्हणावे लागेल.

खरे निदान अठराव्या शतकात लागले. लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयातील पर्सिव्हल पॉट याने १७५७ साली नवजात बालकांत आढळणाऱ्या एका विशिष्ट प्रकारच्या हर्नियावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्याच सुमारास जॉन हंटर व त्याचा थोरला भाऊ विल्यम गर्भातील वृषणाच्या प्रवासाचा अभ्यास करीत होते. वृषणाला खाली वाट दाखवणाऱ्या दोरीसारख्या पेशीबंधाला जॉन हंटरने १७६२ साली सुकाणूचा अर्थ असलेले लॅटिन नाव दिले, ते आजही रूढ आहे. मुलाचा अंतर्गळ जन्मजात असतो आणि उघड्या राहिलेल्या पिशवीमुळे होतो, हे येथे प्रथम स्पष्ट झाले.

निदान झाले, पण उपचार बदलला नाही. ईथरची भूल १८४६ साली आली, लिस्टरची जंतुविरोधी पद्धत १८६७ साली. तोपर्यंत तान्ह्या मुलाचे जांघेत कापणे म्हणजे त्याला मृत्यूच्या हाती देणे होते. म्हणून पट्टा टिकला. लंडनमध्ये १८०७ साली तर गरिबांना हर्नियाचे पट्टे मिळवून देण्यासाठी एक धर्मादाय संस्थाच निघाली आणि तिने पुढे दीर्घकाळ काम केले. तान्ह्यांसाठी लोकरीच्या धाग्यांची लड कंबरेभोवती व मांडीखालून गुंडाळण्याची रीत होती. ओली झाली की बदलायची, रात्री सोडायची नाही, असे तिचे नियम असत. किती मातांनी किती रात्री त्या लोकरीच्या लडी धुतल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही ग्रंथात नाही.

यानंतरच्या टप्प्यात शास्त्र पुढे गेले आणि मूल पुन्हा मागे राहिले. लिस्टरचा अमेरिकन शिष्य हेन्री मार्सी याने १८७१ साली हर्नियाच्या शस्त्रक्रियेत जंतुविरहित केलेल्या तातीच्या टाक्यांचा वापर प्रसिद्ध केला. इटलीतील पादुआ येथील एदुआर्दो बास्सिनी याने १८८४ साली जांघेची मागील भिंत थरांनी शिवून मजबूत करण्याची पद्धत सुरू केली आणि प्रौढांच्या हर्नियाचा इतिहासच बदलून टाकला. तिचे यश इतके मोठे होते की अनेकांनी तीच पद्धत मुलांवरही वापरली. ज्या मुलाची भिंत मुळात धडधाकट आहे, तिची दुरुस्ती करताना वृषणाकडे जाणारी रक्तवाहिनी आणि शुक्रवाहिनी यांना इजा होण्याचा धोका मात्र वाढत होता. तान्ह्याची शुक्रवाहिनी जाड धाग्याहून फारशी मोठी नसते; चिमटीत नुसती दाबली गेली तरी तिचे नुकसान होऊ शकते.

या गोंधळातून वाट काढली ती ऑस्ट्रेलियातील हॅमिल्टन रसेल याने. मेलबर्नच्या बालरुग्णालयात काम करणाऱ्या या शल्यचिकित्सकाने १९०६ साली लॅन्सेटमध्ये आपला पिशवीचा सिद्धान्त मांडला. जन्मजात पिशवी नसेल तर हर्निया नाही आणि पिशवी मुळाशी बांधून काढली की काम संपले, हे त्याचे म्हणणे. सर्वच वयाच्या रुग्णांना हा नियम लावण्यात त्याने अतिरेक केला, हे खरे. मुलांच्या बाबतीत मात्र तो पूर्णपणे बरोबर ठरला. भिंतीला हात लावायचा नाही, पिशवी रक्तवाहिन्यांपासून हळुवार सोडवायची, पोटाच्या तोंडाशी बांधायची आणि बाहेर यायचे, हीच आजची हर्नियोटॉमी. प्रौढांच्या शस्त्रक्रियेत पुढे जाळी आली. आपल्या महाराष्ट्रातही दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीच्या स्वस्त कापडाची जाळी यशस्वीपणे वापरून दाखवली आणि पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ साली जाळीविना दुरुस्तीची स्वतःची पद्धत प्रसिद्ध केली. ही दोन्ही कामे अभिमानास्पद आहेत, पण ती प्रौढांसाठी आहेत. बालकाला जाळी लागत नाही, हे पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

रसेलने शस्त्रक्रिया लहान केली, तर ग्लासगोच्या जेम्स निकोल याने रुग्णालयातील मुक्काम लहान केला. मला स्वतःला या साऱ्या इतिहासात निकोलविषयी सर्वाधिक आदर वाटतो. ग्लासगोच्या बालरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दहा वर्षांत केलेल्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा वृत्तांत त्याने १९०९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दिला. त्यांत हर्नियाची मुलेही होती. शस्त्रक्रियेनंतर मुलाला आईच्या कुशीत देऊन घरी पाठवायचे, हा त्याचा क्रम होता. त्या काळी शस्त्रक्रिया झालेल्या मुलास वॉर्डात दीर्घकाळ पाठीवर झोपवून ठेवीत, आईबापांना भेटीची वेळ ठरलेली असे. निकोलचे म्हणणे असे की, तान्हे मूल आईपासून तोडले की अधिक रडते, दूध सोडते आणि जखम बिघडते. आईइतकी चांगली परिचारिका रुग्णालयाजवळ नाही. ज्यांची घरे सोयीची नव्हती अशा अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी त्याने रुग्णालयाजवळ एक लहान घरही घेतले होते. त्याचे म्हणणे सर्वमान्य होण्यास अर्धे शतक जावे लागले. मधल्या काळात एडिंबरोच्या गर्ट्रूड हर्झफेल्ड यांनी १९३८ साली तान्ह्यांच्या हर्नियावर लेख लिहून बाह्यरुग्ण विभागातील शस्त्रक्रियेचा जोरदार पुरस्कार केला, तर शिकागोच्या विलिस पॉट्स यांनी १९५० साली पिशवी बांधणे पुरेसे असते, हे आपल्या सहकाऱ्यांसह पुन्हा ठामपणे मांडले.

आपल्याकडे मुंबईत बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ साली सुरू झाले आणि भारतीय बालशल्यचिकित्सकांची संघटना १९६५ साली स्थापन झाली. शहरांत ज्ञान पोहोचले, पण तालुक्याच्या गावापर्यंत ते पोहोचण्यास वेळ लागला. याचा एक अनुभव सांगतो. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत, चाळीसएक वर्षांपूर्वी, रात्रीच्या एस.टी.ने एक आई दहा महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. फुगवटी टणक व लालसर झालेली, मूल हिरवी उलटी करीत होते. दुसऱ्या महिन्यातच फुगवटी दिसली होती. मूल तीन वर्षांचे झाल्याखेरीज शस्त्रक्रिया नको, तोवर पट्टा बांधा, असा सल्ला तिला मिळाला होता. आम्ही पहाटे शस्त्रक्रिया केली. आतडे वाचले; दाबामुळे रक्तपुरवठा तुटलेले वृषण काळे पडले होते, ते काढावे लागले. बाहेर येऊन मी सांगितले तेव्हा ती माउली एवढेच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पट्टा तर मी एक दिवससुद्धा सोडला नव्हता." तिने चूक केली नव्हती. तिला मिळालेला सल्ला पाऊणशे वर्षे जुना होता. आतडे अडकण्याचा धोका पहिल्या वर्षातच सर्वाधिक असतो, म्हणजे ज्या काळात थांबण्यास सांगितले जाई तोच काळ सर्वांत धोक्याचा होता.

गेल्या काही दशकांत भर पडली ती तपशिलांची. एका बाजूचा अंतर्गळ असेल तर दुसरी बाजूही उघडून पाहावी, असे मत १९५५ नंतर बराच काळ प्रबळ होते. एका बाजूची शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांपैकी सुमारे सात मुलांतच पुढे दुसऱ्या बाजूस विकार दिसतो, असे आढळल्यावर ते मागे पडले. १९९० च्या दशकापासून दुर्बिणीतून पिशवी बांधणे शक्य झाले. त्यात दुसरी बाजू न कापताही दिसते. भुलेने तान्ह्याच्या मेंदूवर परिणाम होईल का, ही पालकांची रास्त शंका होती. अनेक देशांतील ७२२ तान्ह्या हर्नियारुग्णांवर झालेल्या अभ्यासाचा पाच वर्षांनंतरचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. तासाभराहून कमी काळ पूर्ण भूल दिलेली मुले आणि केवळ कंबरेखालील भाग बधिर केलेली मुले यांच्या बुद्धिविकासात त्यात फरक आढळला नाही.

एक प्रश्न मात्र अगदी अलीकडे नव्याने उभा राहिला, तो अकाली जन्मलेल्या बालकांचा. त्यांची फुप्फुसे नाजूक असतात. भुलेनंतर त्यांचा श्वास थांबण्याची भीती अधिक. अमेरिकेतील ३९ रुग्णालयांत झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अतिदक्षता विभागातून घरी जाण्यापूर्वीच शस्त्रक्रिया केलेल्या अशा बालकांपैकी २८ टक्क्यांना गंभीर त्रास झाला. काही आठवडे थांबून, आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजून ५५ आठवडे उलटल्यावर शस्त्रक्रिया ठरविलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. म्हणजे या चिमुकल्यांच्या बाबतीत थांबणे पुन्हा शास्त्रसंमत झाले आहे. परंतु हे थांबणे पट्टा बांधून दिवस मोजण्याचे नव्हे. तारीख ठरलेली असते आणि डॉक्टर मुलाला पाहत असतात. त्या काळात फुगवटी टणक झाली, आत जाईनाशी झाली, मूल सतत रडू लागले किंवा त्याला हिरवी उलटी झाली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठावयाचे असते. वाटेत त्याला दूध पाजू नये आणि फुगवटी स्वतः जोराने दाबू नये.