जंतू तेच, किनारा वेगळा

16 जून 1980 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी आनंद चक्रवर्ती यांच्या बाजूने निकाल दिला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या या बंगाली शास्त्रज्ञाने खनिज तेलाचे निरनिराळे घटक पचवू शकेल असा स्यूडोमोनास जिवाणू प्रयोगशाळेत घडवला होता. सजीवाचेही पेटंट घेता येते, हे त्या खटल्याने ठरले. आपल्याकडे त्याचे कौतुक आजही होते. मला मात्र पुढचा इतिहास अधिक बोलका वाटतो. समुद्रावर सांडलेले तेल साफ करायला तो जंतू कधी वापरलाच गेला नाही.

24 मार्च 1989 रोजी अलास्कात 'एक्झॉन व्हाल्डेझ' हे जहाज खडकावर आदळले आणि सुमारे चार कोटी लिटर तेल सांडले. तेल पचवणारे जिवाणू तिथल्या किनाऱ्यावर आधीपासूनच होते. अडचण त्यांच्या आहाराची होती. तेलात कार्बन विपुल असतो, पण पेशी वाढायला नायट्रोजन आणि फॉस्फरसही लागतो, आणि तो त्या स्वच्छ, थंड पाण्यात थोडाच होता. म्हणून किनाऱ्याला चक्क खत घालण्यात आले. दोन-तीन आठवड्यांत, खत घातलेले चौकोन काळ्या गोट्यांमध्ये उजळ दिसू लागले.

तरीही बारा वर्षांनंतर, 2001 मध्ये, काही किनाऱ्यांवर गोटे उकरले की खाली तेल सापडत होते. वरच्या सैल थरातून भरतीचे पाणी खेळते. खालच्या घट्ट थरात ते जेमतेम हलते, त्यामुळे प्राणवायू पोचत नाही. वर जे काम आठवड्यांत झाले, ते खाली वर्षानुवर्षे रखडले.

थंडीचे गणितही सरळ नाही. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात दीड हजार मीटर खोलीवर तेलविहीर फुटली. तिथले पाणी जेमतेम पाच अंशांचे. तरी थंडीला सरावलेले जिवाणू झपाट्याने वाढले आणि त्यांनी तेलातले हलके घटक पचवले. डांबरासारखे जड घटक मात्र जिवाणूंना सहसा दाद देत नाहीत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली आणि तेल खारफुटीत शिरले. आपला समुद्र उबदार आहे. पण खारफुटीच्या चिखलात थोड्याच खोलीवर प्राणवायू संपतो. म्हणून तेल सांडल्यावर 'कोणता जंतू आणायचा?' याआधी 'तेल कुठे मुरले आहे, आणि तिथे हवा पोचते का?' हे विचारले पाहिजे. शिवाय ते चिखलात मुरण्याआधी अडवणे, हे कोणत्याही जंतूपेक्षा आपल्याच हातात अधिक आहे.