मरिनोचा उद्यानमंडप

'कॅसिनो' हा शब्द कानी पडताच डोळ्यांपुढे जुगाराचा अड्डा उभा राहतो. इटालियन भाषेत मात्र त्याचा मूळ अर्थ छोटेखानी घर एवढाच आहे. आयर्लंडमधील डब्लिन शहराच्या उत्तर भागात, मरिनो येथे उभी असलेली ह्या नावाची वास्तू त्या मूळ अर्थानेच कॅसिनो होय.

पुढे चार्लमाँटचा पहिला अर्ल झालेला जेम्स कॉलफील्ड हा तरुणपणी सुमारे नऊ वर्षे इटली, ग्रीस आदी देशांत हिंडला. तेथील प्राचीन वास्तुकलेचे वेड घेऊन तो परतला आणि आपल्या वाड्याच्या बागेत मंडप उभारण्याचे काम त्याने विल्यम चेंबर्स ह्या वास्तुशिल्पज्ञावर सोपविले. १७५० नंतरच्या दशकात आरंभिलेले हे काम १७७५ च्या सुमारास पुरे झाले. नवल हे, की चेंबर्सने आयर्लंडच्या भूमीवर कधी पाऊलही ठेवले नाही. त्याचे नकाशे येत आणि सायमन व्हिएर्पिल हा शिल्पकार ते दगडात उतरवून घेई.

बाहेरून पाहणाऱ्यास वाटते, की हे एका दालनाचे ग्रीक मंदिर आहे. आत मात्र तीन मजले आणि सोळा खोल्या आहेत! छपरावरील शोभेचे कलश ही खरी धुराडी आहेत. काही स्तंभ आतून पोकळ असून पावसाचे पाणी त्यांतून खाली उतरते. भव्य द्वाराचा खालचा भागच तेवढा उघडतो. एकाच खिडकीचा उजेड अनेक खोल्यांस मिळतो; पण तिच्या काचा किंचित वक्र असल्यामुळे आतील भिंती बाहेरून दिसत नाहीत. स्वयंपाकघर आणि नोकरांच्या जागा तळघरात आहेत. धन्याच्या विसाव्यासाठी राबणारे हात पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नयेत, अशी ही सारी योजना!

धन्याचे राजकारणही आम्हांस ह्या वास्तूसारखेच वाटते. आयरिश संसदेच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या स्वयंसेवक दलाचे नेतृत्व त्याने केले. परंतु देशातील बहुसंख्य कॅथलिकांस राजकीय हक्क देण्यास त्याचा विरोध होता. दर्शनी भागी स्वातंत्र्य होते, पण त्यात सर्वांस जागा नव्हती.

१९२२ मध्ये आयर्लंड स्वतंत्र झाले. त्याच दशकात मरिनोचा मूळ वाडा पाडला गेला आणि त्या परिसरात डब्लिनच्या नगरपालिकेने सामान्य जनांसाठी घरे बांधली. मंडपाचे काय करावे? तो उमरावशाहीचे चिन्ह म्हणून धुळीस मिळविणे सोपे होते. परंतु नव्या राज्याने १९३० नंतर तो आपल्या रक्षणाखाली घेतला. १७०० नंतर बांधलेल्या वास्तूंपैकी असे रक्षण लाभलेली ही पहिलीच. पुढे मोठ्या दुरुस्तीनंतर १९८४ मध्ये ती लोकांस खुली झाली.

आज पाहुणे तळघरातही उतरतात. जे लपविण्यासाठी एवढी कला खर्ची पडली, तेच आता कौतुकाने दाखविले जाते. वास्तू जतन करणे म्हणजे तिच्या धन्याचा गौरव करणे नव्हे. ती उभारणाऱ्या आणि चालविणाऱ्या अनामिक हातांचे ऋणही त्यात फेडले जाते, असे आम्हांस वाटते.