शिक्का कोणी मारायचा?

सोन्याचांदीच्या कसाची ग्वाही विकणाऱ्याने स्वतःच देऊन भागत नाही, हे इंग्लंडच्या कायद्याला टप्प्याटप्प्याने उमगले. १३०० च्या कायद्याने चांदीवर बिबट्याच्या मुखाचा शिक्का सक्तीचा केला. तेव्हा सोनारसंघाचे तपासनीस दुकानोदुकानी फिरत. १४७८ पासून मात्र माल लंडनला संघाच्या सभागृहात न्यावा लागू लागला आणि शिक्क्याशेजारी वर्षाचे अक्षर आले. पुढे खोट निघाली, तर त्या वर्षीचा पारखी कोण हे कळे. माझ्या मते खरी सुधारणा हीच: शिक्का मारणाराही जबाबदार ठरला.

आपल्याकडे व्यवहार सराफाच्या कसोटीवर आणि पिढीजात विश्वासावर चाले. भारतीय मानक ब्युरोने २००० साली दागिन्यांसाठी आणलेला हॉलमार्क ऐच्छिक होता. सक्ती जून २०२१ मध्ये, २५६ जिल्ह्यांपासून सुरू झाली. घरच्या सराफाला सरकारी शिक्का कशाला, हा आक्षेप मनापासूनचा आहे. पण कसोटीवरची रेघ पृष्ठभागाचेच सांगते, आतल्या भेसळीचे नाही. लहान सोनारांवरच्या ओझ्याचा मुद्दा अधिक वजनदार. म्हणूनच वार्षिक ४० लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना सूट मिळाली, हे योग्यच झाले. आता पाटलीच्या आतल्या बाजूला ९१६ च्या शेजारी सहा अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो. तो ब्युरोच्या मोबाइल ॲपवर टाकला की सराफ आणि तपासणी केंद्र, दोघांचाही तपशील समोर येतो.