नगरच्या पेठेंतील गल्ल्या आणि त्यांचे उद्योग

नगरचें नांव निघालें म्हणजे भुईकोट किल्ला डोळ्यांपुढें उभा राहतो. चांदबिबीनें मोंगलांशीं दिलेली झुंज, १८०३ सालीं वेलस्लीनें घातलेला वेढा, आणि १९४२ पासून त्याच तटाच्या आंत बंदिवान म्हणून राहिलेले पंडित नेहरूप्रभृति पुढारी, इतक्या गोष्टी सांगितल्या कीं या शहराचा इतिहास संपला असें मानण्याची रूढि पडली आहे. परंतु किल्ल्याचे धनी बदलत गेले. निजामशाही गेली, मोंगल आले, पेशवे आले, शिंदे आले, इंग्रज आले आणि तेहि गेले. या सर्वांना लागणारें कापड विणणारा, भांडीं घडविणारा, गादी भरणारा आणि त्यांच्या घोड्यांना गवत विकणारा मनुष्य मात्र किल्ल्याच्या पश्चिमेस, पेठेंत, आपल्या जागीं बसून होता. त्याची बखर कोणी लिहिली नाहीं. ती गल्ल्यांच्या नांवांतच काय ती उरली आहे.

हीं नांवें एका दमांत वाचून पाहावींत: कापड बाजार, मोची गल्ली, घास गल्ली, पिंजार गल्ली, तांबटकर गल्ली, तेलीखुंट, दाळ मंडई, आडते बाजार. यांत राजाचें नांव नाहीं, सेनापतीचें नाहीं. आहेत तीं हातांचीं आणि मालाचीं नांवें. कापड बाजारासारखीं कांहीं नांवें आजहि खरीं आहेत. कांहीं मात्र अशा धंद्यांचीं आहेत, कीं त्या नांवाचा अर्थ तेथें राहणाऱ्या मुलालाहि समजावून सांगावा लागेल.

शहराचा आरंभ सर्वश्रुत आहे. मलिक अहमद निजामशहानें १४९० मध्यें बहामनी सैन्याचा पराभव केला, आणि जेथें जय मिळाला त्याच परिसरांत, सीना नदीच्या डाव्या तीरीं, भिंगार या जुन्या गांवाशेजारीं नवें शहर वसविलें. राजधानी हुकुमानें वसते. पेठ तशी वसत नाहीं. पेठेला पाणी लागतें, रस्ते लागतात आणि रोजचें गिऱ्हाईक लागतें. नगरला हीं तिन्ही मिळालीं. कापूरवाडी, शेंडी यांसारख्या आसपासच्या गांवांहून जमिनीखालून खापरी नळांनीं पाणी आणण्यांत आलें. तें आणलें राजवाड्यांसाठीं व बागांसाठीं. पण त्यावर शहरांतील हौदहि भरूं लागले. रंगाऱ्याला सूत धुण्यास, विणकराला खळ शिजविण्यास आणि बाजारास आलेल्या बैलाला पिण्यास पाणी हवें असे. पुढें सोळाव्या शतकांत शहराभोवतीं तट झाला. त्या तटाच्या वेशींपैकीं दिल्ली दरवाजा आणि माळीवाडा वेस अद्यापि उभ्या आहेत. किल्ला व लष्कर यांच्यामुळें गिऱ्हाइकाला तोटा नव्हता, आणि पैठण, जुन्नर, सोलापूर या दिशांचे रस्ते येथें येऊन मिळत.

प्रथम घास गल्लीच पाहावी, कारण तिचा धंदा सर्वांत साधा होता. घास म्हणजे जनावराचा हिरवा चारा. आजच्या मनुष्याला कापडाच्या बाजाराला लागूनच गवताचा बाजार असणें चमत्कारिक वाटेल. पण लोहमार्गापूर्वींच्या काळीं गवत हेंच वाहतुकीचें इंधन होतें. कापडाचा गठ्ठा बैलाच्या पाठीवर येई, धान्य गाडींतून येई, लमाण-वंजाऱ्यांचे तांडे मिठापासून गळितापर्यंत सर्व माल वाहून नेत. बाजारांत आलेल्या मनुष्यानें आपण जेवण्यापूर्वीं बैलाला पेंढी टाकावी, हा रिवाज केवळ दयेचा नव्हता. बैल थकला तर माल वाटेंतच राहत असे. १८७८ मध्यें दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि तांड्यांचा धंदा बसत चालला. आगगाडीला गवत लागत नाहीं. वाहतुकीच्या इतिहासांतील एवढी मोठी उलथापालथ घास गल्ली या चार अक्षरांत दडलेली आहे.

पिंजार गल्लीची गोष्ट याहून नाजूक आहे. सरकी काढलेला कापूस गांठी धरून बसतो. त्यांतील प्रत्येक तंतु मोकळा करणें हें पिंजाऱ्याचें काम. त्याचें हत्यार धनुष्यासारखें, म्हणून त्याला धनुकली म्हणतात. लांब दांड्याला तांत ताणलेली, आणि ती छेडण्यास लांकडी मुठळा. तांत कापसांत बुडवून मुठळ्याचा ठोका दिला कीं घुमणारा नाद उठे आणि कापूस पिसासारखा वर उडे. ठोका जोराचा पडला तर तंतु तुटतो, हलका पडला तर गांठ सुटत नाहीं. हें प्रमाण कोणत्याहि पुस्तकांत लिहिलेलें नाहीं. तें मनगटांत असे. हिंवाळ्याच्या तोंडीं पिंजारी घरोघर जाऊन जुन्या गाद्या उसवी, कापूस पुन्हा पिंजी आणि गादी नव्यासारखी करून देई. एकच कापूस आजोबांच्या गादींतून नातवाच्या दुलईंत जाई. पिंजण्याचें यंत्र आलें तेव्हां धनुकलीचा नाद कमी झाला, आणि फोमच्या तयार गाद्या आल्यावर गादी पिंजावयाची असते हीच कल्पना लोप पावूं लागली.

मोची गल्ली आणि तेलीखुंट यांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. चामड्याचें काम म्हणजे केवळ पादत्राणें नव्हत. विहिरीवरची मोट, घोड्याचें खोगीर, बैलाच्या गळ्यांतील पट्टा, पाण्याची पखाल हीं सर्व चामड्याचीं असत. शेती आणि लष्कर दोन्ही चामड्यावर चालत. विहिरीवर इंजिन बसलें आणि मोट गेली. आज मोची गल्लींत गर्दी असते ती तयार मालाच्या खरेदीसाठीं. तेल्याच्या घाण्याचीहि तीच गत झाली. डोळे बांधलेला बैल, लांकडी उखळ आणि करडई-तिळाचा घमघमाट जाऊन तेथें गिरणीचें तेल आलें. अलीकडे लांकडी घाण्याचें तेल म्हणून तोच पदार्थ चढ्या भावानें विकला जातो, हा काळाचा विनोद म्हणावयाचा.

परंतु नगरच्या पेठेचा कणा म्हणजे कापड. साळी, कोष्टी आणि तेलंगणांतून आलेले पद्मशाली या समाजांनीं येथील हातमाग चालविला, आणि नगरचीं लुगडीं दूरवर विकलीं जात. या धंद्यांत घर आणि कारखाना असा भेद नसे. पुरुष मागावर बसे. बायका व मुलें सूत उकलीत आणि कांड्या भरीत. पहांटे गल्लींतच ताणा पसरून त्यास खळ लावीत व कुंच्यानें सारखा करीत. या कामाला पांजण म्हणत. ऊन चढण्यापूर्वीं तें उरकावें लागे, नाहीं तर सूत कडक होऊन तुटे. म्हणजे विणकरांची गल्ली ही केवळ येण्याजाण्याची वाट नव्हती, ती त्यांच्या कारखान्याचा अर्धा भाग होती.

या धंद्यावर दोन बाजूंनीं घाला आला. गिरण्यांचें कापड स्वस्त मिळूं लागलें, प्रथम विलायतेहून आणि मागून मुंबईहून; आणि १८७६-७७, १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांनीं गिऱ्हाईकच नाहींसें केलें. दुष्काळांत शेतकरी पहिल्यानें नव्या लुगड्याचा बेत सोडतो. म्हणून नगरच्या विणकराचें पोट आकाशाकडे पाहणाऱ्या कुणब्याइतकेंच पावसाशीं बांधलेलें होतें, जरी त्याच्या नांवावर गुंठाभर जमीन नसे. खडी फोडण्याच्या कामावर गेल्यास त्याच्या बोटांना घट्टे पडत, आणि अशीं बोटें पुन्हा बारीक सूत हाताळण्यास निरुपयोगी होत. एका हंगामाची भाकरी मिळवितांना जन्माची विद्या गमावण्याचें हें संकट होतें.

या अडचणींतून वाट काढण्याचा एक नगरी प्रयत्न नमूद करण्याजोगा आहे. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ पासून येथें ठाणें केलें होतें. या मिशनचे डी. सी. चर्चिल हे यंत्रविद्येचे जाणकार होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं नगर येथें नेहमींपेक्षां वेगानें चालणारा हातमाग सिद्ध केला. तो चर्चिल माग म्हणून ओळखला गेला. गिरणीशीं झुंजावयाचें तर हातमाग टाकून न देतां तो सुधारावा, असा त्यामागील विचार होता. झुंज विषम होती. यंत्रमाग आले, आणि अनेक पद्मशाली घरांत मागाची जागा विडीच्या सुपानें घेतली. मांडीवर सूप, त्यांत तेंदूचीं पानें आणि तंबाखू, आणि हजारावर मजुरी, असा हा धंदा. कांड्या भरणाऱ्या आजीची नात विड्या वळूं लागली. बोटांची चपळाई तीच राहिली. मात्र लुगड्याच्या कांठावर विणकराची ओळख पटत असे, तशी विडीवर वळणारीची पटत नाहीं.

तांबट-कासारांचा धंदा ऐकूनच ओळखावा असा. तांब्या-पितळेच्या पत्र्यावर ठोके घालून घागर, हंडा, बंब घडवितांना होणारा आवाज सबंध आळीला ऐकूं जाई. या शहरांत धातुविद्या मुरलेली होती याचा एक प्रचंड पुरावा आज नगरांत नसून विजापूरच्या तटावर आहे. मुलूख मैदान ही विख्यात तोफ १५४९ मध्यें नगर येथेंच रूमीखानानें ओतली. तोफखाना हा शहरांतील भाग आजहि त्या जुन्या लष्करी नगराची आठवण देतो. राजाच्या तोफेची कीर्ति राहिली; पाणी भरणारा हंडा मात्र बोहारणीच्या किंवा मोडीच्या वाटेनें गेला, आणि त्याच्या जागीं न कल्हई लागणारें, न पोचे काढावें लागणारें स्टेनलेस स्टील आलें. त्याबरोबर कल्हईवाल्याचाहि धंदा गेला. एक धंदा एकटा कधींच बुडत नाहीं.

आतां दाळ मंडई आणि आडते बाजार. येथें कारागीर नसे, दलाल असे. आणि येथील हत्यार म्हणजे भाषा. जुन्या मराठी पेठांतून व्यापाऱ्यांची एक सांकेतिक बोली चाले. तिला नंदभाषा म्हणत. तींत चारास पोकू, पांचास मुळू, सहास शेली असे शब्द होते. समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला न कळतां दोघे व्यापारी भाव ठरवूं शकत. दुसरी रीत रुमालाखालच्या सौद्याची: हात झांकून बोटें दाबावयाचीं आणि त्यावरून आंकडा समजावयाचा. आज ही मोठी मौजेची गोष्ट वाटते. ज्याचें धान्य पोत्यांत होतें त्याला मात्र त्यांत मौज नव्हती. त्याच्या वर्षाच्या श्रमाचा भाव त्याच्याच डोळ्यांदेखत, आणि त्याला न कळतां ठरे. आडत, उचल आणि सावकारी एकाच गादीवर बसत असल्यामुळें, न कळलेल्या भावाची तूट पुढें कर्जरोख्यांत उतरे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला व त्याची झळ नगर जिल्ह्यालाहि लागली. तेव्हां शेतकऱ्यांचा रोख धान्याच्या कोठारापेक्षां रोख्यांच्या कागदांवर होता. त्यांतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. पुढें १९३९ च्या मुंबई शेतमाल बाजार कायद्यानें नियंत्रित बाजारांचा पाया घातला. तेव्हांपासून झांकलेल्या हाताऐवजीं उघड्या लिलावाचा मार्ग प्रशस्त होत गेला.

म्हणून या गल्ल्यांचें वर्णन करतांना केवळ हळहळ व्यक्त करणें योग्य होणार नाहीं. गल्ली जशी विद्येची शाळा होती, तशी ती कोंडवाडाहि होती. पिंजाऱ्याच्या मुलानें पिंजावें आणि मोच्याच्या मुलानें शिवावें, हा नेम जातीनें घातलेला होता. त्यांत चामडें कमावणाऱ्याच्या वांट्यास विद्येबरोबर अपमानहि येई; त्याच्या मोटेचें पाणी सर्वांच्या शेतांत जाई, आणि त्याचा स्पर्श मात्र कोणास चालत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नगरांत सर डी. एम. पेटिट यांच्या नांवें औद्योगिक शाळा चालूं लागली. अशा शाळेंत ज्यांच्या घरीं सुतारकीची परंपरा नव्हती त्या मुलांच्याहि हातांत रंधा आला. धंदा जन्मावर नव्हे तर शिक्षणावर अवलंबून असावा, हा विचार नगरच्या पेठेला तेथून परिचित होत गेला. धनुकलीचा नाद थांबल्याचें दुःख एका बाजूस ठेवावें, आणि पिंजाऱ्याची मुलगी आज डॉक्टर होऊं शकते हा लाभ दुसऱ्या बाजूस ठेवावा. मग इतिहासाचा तराजू नीट धरला असें होईल.

१८५४ मध्यें नगरला नगरपालिका झाली, २००३ मध्यें महानगरपालिका झाली, आणि २०२४ मध्यें शासननिर्णयानें अहमदनगरचें अहिल्यानगर झालें. शहराचें नांव राजपत्रांत छापून येतें. घास गल्ली किंवा पिंजार गल्ली हें नांव गिऱ्हाइकांनीं ठेवलें आणि पत्ता सांगणाऱ्यांनीं टिकविलें. मात्र नांव टिकलें तरी त्यामागील शब्द टिकतातच असें नाहीं. पांजण, मुठळा, कांडी, मोट, पखाल हे शब्द तोंडीं असलेलीं वृद्ध माणसें दिवसेंदिवस कमी होत आहेत. किल्ल्याच्या बुरुजांची मोजदाद अनेकांनीं केली आहे. आतां नगरच्या शाळांनीं आपल्या विद्यार्थ्यांना एकेक गल्ली वांटून द्यावी, तेथील वडीलधाऱ्यांस हत्यारांचीं, मापांचीं आणि कामांचीं नांवें विचारावयास सांगावें, आणि मिळालेली माहिती वहींत उतरून घ्यावी. या कामाला फारसा पैसा लागणार नाहीं. विलंब मात्र चालणार नाहीं.