राखीव शिपाई आणि त्याचा मालक



एरवीं कचेरींत लेखणी किंवा कारखान्यांत यंत्र चालविणारा मनुष्य वर्षांतील कांहीं दिवस गणवेश चढवून कवाईत करूं लागला, तर त्यांत त्याच्या मालकाचा लाभ कोणता? हा प्रश्न जुनाच आहे.

ब्रिटनचे युद्धमंत्री हॉल्डेन यांनीं १९०७ सालीं कायदा करून घेतला आणि १ एप्रिल १९०८ पासून प्रादेशिक दल अस्तित्वांत आलें. त्यांतील शिपाई म्हणजे कारकून, विणकर, खाणकामगार अशीं उद्योगांत गुंतलेलीं माणसें. त्यांची छावणी उन्हाळ्यांत पंधरवडाभर चाले आणि तेवढी रजा देणें पुष्कळ मालकांच्या जिवावर येई. माणूस गेला हें त्यांना दिसे. तो काय शिकून परत आला, हें मात्र दिसत नसे.

तो काय शिकून येतो? ठरल्या वेळीं ठरल्या जागीं हजर असणें, हाताखालच्या दहा माणसांकडून काम करून घेणें, मोटार दुरुस्त ठेवणें, जखमीवर प्रथमोपचार करणें. हें शिक्षण सरकारी खर्चानें होतें आणि त्याचें फळ मालकाच्या पदरांत पडतें.

आपल्याकडे १९४८ सालीं प्रादेशिक सेनेचा कायदा झाला व ९ ऑक्टोबर १९४९ रोजीं राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या सेनेचें औपचारिक उद्घाटन झालें. भरती होणाऱ्यास स्वतःचा चरितार्थ असावा, हें तिचें मूलतत्त्व होय. रेल्वेच्या पथकांत तर शांततेंतील व युद्धांतील कसब एकच. इंजिन हांकणारा व रूळ सांभाळणारा माणूस १९६५ आणि १९७१ च्या युद्धकाळांत शिपाई म्हणून तेंच काम करूं शकला. येथें मालकाचें व सैन्याचें हित वेगळें राहिलें नाहीं.

परंतु नाण्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. हजार मजूर असलेल्या गिरणीला एकाची उणीव भासत नाहीं. दोन गड्यांवर चालणाऱ्या दुकानाला मात्र ती फार जाणवते. म्हणूनच हा प्रश्न केवळ सद्भावनेवर सोंपवितां आला नाहीं. अमेरिकेनें १९४० सालीं, ब्रिटननें १९४४ सालीं आणि भारतानेंही कायद्यानें, परतलेल्या शिपायास पूर्वीच्या कामावर घेण्याचें बंधन मालकांवर घातलें.

कायदा जागा परत देववितो. आपुलकी देववूं शकत नाहीं. रिकाम्या खुर्चीकडे कुरकुरत पाहणाऱ्या मालकाला तोच मनुष्य परत मिळतो, पण त्याचें मन मिळेलच असें नाहीं. जो त्याला सन्मानानें निरोप देतो आणि त्याची जागा राखून ठेवतो, त्याला मात्र कसबाबरोबर निष्ठाही लाभते. आणि कोणत्याही पेढीला ती पगार देऊन विकत घेतां येत नाहीं.