तीन दिवसांचा निवाडा

१९७० सालच्या मोसमात साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’ या आपल्या परिषदेतील चौदाच्या चौदा साखळी सामने जिंकले. परंतु मार्च महिन्यात शार्लट येथे भरलेल्या तीन दिवसांच्या बाद स्पर्धेत, प्रमुख खेळाडू जॉन रोश घोट्याच्या दुखापतीने बेजार झालेला असताना, नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने दोनदा जादा वेळ खेळल्यानंतर अंतिम सामना ४२–३९ असा जिंकला, आणि परिषदेचे अजिंक्यपद व राष्ट्रीय स्पर्धेतील प्रवेशाचा हक्क ही दोन्ही एका सायंकाळी साखळीत अपराजित राहिलेल्या त्या संघाच्या हातून गेली. त्यातही दैवदुर्विलास असा की, राष्ट्रीय स्पर्धेच्या पूर्व विभागाचे सामने त्या वर्षी याच विद्यापीठाच्या कोलंबिया येथील क्रीडागृहात व्हावयाचे ठरले होते, म्हणजे पंगत यजमानाच्याच वाड्यात बसली आणि यजमानाला मात्र पाट मिळाला नाही. साऱ्या मोसमाचा पराक्रम तीन दिवसांत रद्दबातल ठरविणारा हा विलक्षण निवाडा अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडाविश्वात कोणत्या गरजेपोटी जन्मला, आणि ती गरज सरल्यानंतरही कोणाच्या आश्रयाने टिकून राहिला, याची कुळकथा त्या खेळाच्या इतिहासाइतकीच मनोरंजक आहे.

मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८९१ च्या डिसेंबरात पीच फळांच्या दोन टोपल्या सज्ज्याला ठोकून हिवाळ्यातील बंदिस्त व्यायामासाठी हा खेळ रचला, आणि थोड्याच वर्षांत तो महाविद्यालयांत जाऊन पोहोचला. त्या महाविद्यालयांत शेजारच्या संस्थांनी आपसांत करार करून एक परिषद, म्हणजे कॉन्फरन्स, स्थापन करावी, खेळाडूंच्या पात्रतेचे नियम ठरवावेत आणि आपापसांत सामने खेळून वर्षाचा विजेता निवडावा, असा प्रघात पडत चालला होता. १८९६ साली मध्य-पश्चिमेतील विद्यापीठांनी स्थापिलेली आणि पुढे ‘बिग टेन’ या नावाने विख्यात झालेली परिषद हे त्याचे ठळक उदाहरण होय. अशा आटोपशीर परिषदेत विजेता ठरविण्यास गुणतक्ता पुरेसा होता, आणि ज्याचे विजय अधिक त्याचे अजिंक्यपद या हिशेबाविरुद्ध तक्रार करण्यास फारसे कारणही नव्हते.

दक्षिणेत मात्र हा हिशेब जुळेना. २५ फेब्रुवारी १९२१ रोजी अटलांटा येथे चौदा संस्थांनी सदर्न कॉन्फरन्सची स्थापना केली. पुढच्या वर्षी आणखी सहा संस्था तीत सामील झाल्या, आणि दहा-अकरा वर्षांत सभासदसंख्या तेवीसवर गेली. मेरीलंडपासून मिसिसिपीपर्यंत पसरलेल्या मुलखात, आगगाडीच्या प्रवासाच्या त्या काळात, एका हिवाळ्याच्या मर्यादेत प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळणे सर्वथा अशक्य होते. तेव्हा दोन संघ परस्परांचे तोंडही न पाहता आपापल्या टापूत अजिंक्य राहिले, तर त्यांतील श्रेष्ठ कोणता हे गुणतक्ता कसे सांगणार? यावर निघालेला तोडगा असा की, मोसमाच्या अखेरीस सर्वांनी एकाच शहरी जमावे, हरेल त्याने घरची वाट धरावी, आणि अखेरपर्यंत उरेल त्याला विजेता म्हणावे. परिषद स्थापन होत होती त्याच सुमारास, त्याच अटलांटात, दक्षिणेतील जुन्या आंतरमहाविद्यालयीन संघटनेच्या छत्राखाली अशी स्पर्धा भरली, आणि केंटकीने जॉर्जियाचा २०–१९ असा पराभव केला तो वेळ संपून गेल्यावर घेतलेल्या एका फ्री थ्रोच्या बळावर. पुढच्या वर्षापासून सदर्न कॉन्फरन्सच्या नावाने स्पर्धा भरू लागली. १९२२ साली तिचा पहिला मान नॉर्थ कॅरोलायनाने मिळविला, आणि अंतिम सामन्यात त्याच्याकडून हरलेला मर्सरचा संघ परिषदेचा सभासदही नव्हता, इतके त्या मंडपाचे दार मोकळे होते.

पुढे घर वाढले तशी वाटणीही अटळ झाली. १९३२ च्या डिसेंबरात तेरा संस्थांनी फारकत घेऊन साउथईस्टर्न कॉन्फरन्स स्थापन केली, आणि आपल्याबरोबर स्पर्धेची वहिवाटही नेली. परंतु १९५२ नंतर त्यांनी ती बंद केली, आणि पुढील सव्वीस वर्षे गुणतक्त्यालाच प्रमाण मानले. मूळ परिषदेने आपली स्पर्धा नॉर्थ कॅरोलायना राज्याची राजधानी रॅली येथे नेली, आणि तेथेच, १९४६ साली, या वहिवाटीला तिचा खरा आश्रयदाता लाभला.

एव्हरेट केस हा प्रशिक्षक इंडियाना राज्यातून आला होता. त्या राज्यात १९११ पासून शालेय संघांची बाद स्पर्धा होत असे, आणि लहानशा गावातील शाळेनेही मोठ्या शहराच्या शाळेला एका रात्रीत धूळ चारावी या शक्यतेने तेथील प्रजा दरवर्षी वेडावून जात असे. फ्रँकफर्ट गावच्या शाळेला चार वेळा राज्याचे अजिंक्यपद मिळवून दिलेल्या केसच्या अंगी ते वेड पुरते मुरलेले होते. नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे प्रशिक्षकपद स्वीकारताच पहिल्याच मोसमात त्याने सदर्न कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली, आणि १९४७ च्या त्या विजयानंतर कड्याला लटकणारी जाळी कात्रीने कापून स्मरणार्थ घेण्याची इंडियानातील रीत त्याने दक्षिणेत आणली. आज अमेरिकेतील प्रत्येक विजेता संघ शिडीवर चढून जो विधी यथासांग पार पाडतो, त्याचे श्रेय सामान्यतः केसला दिले जाते. त्याच वर्षी त्याच्या संघाचा एक सामना प्रेक्षकांनी जुनी व्यायामशाळा इतकी तुडुंब भरल्यामुळे अग्निशमन अधिकाऱ्याने होऊच दिला नाही. युद्धामुळे अर्धवट राहिलेला क्रीडागृहाचा पोलादी सांगाडा केसच्या आग्रहाने वाढवून पुरा करण्यात आला, आणि १९४९ साली उघडलेल्या या रेनल्ड्स कोलिझियममध्ये बारा हजारांहून अधिक प्रेक्षकांची सोय झाली. एवढे मोठे घर त्या मुलखात दुसरे नसल्याने स्पर्धेचे बिऱ्हाड तेथे हालणे ओघानेच आले.

१९५३ च्या मे महिन्यात सात विद्यापीठांनी सदर्न कॉन्फरन्सशी काडीमोड घेतला. परिषदेची सभासदसंख्या सतरा झाली होती, आणि फुटबॉलच्या मोसमोत्तर सामन्यांवर तिने घातलेली बंदी मोडल्याबद्दल मेरीलंड व क्लेमसन यांना शिक्षा झाल्याची कटुता ताजी होती. यांतून निर्माण झालेल्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये त्याच वर्षअखेरीस व्हर्जिनियाही येऊन मिळाले, आणि सभासद आठ झाले. आठ संस्थांपैकी प्रत्येकाला सात प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी एकदा घरी व एकदा बाहेर, मिळून चौदा सामने. म्हणजे ज्या अडचणीतून बाद स्पर्धा जन्मली ती अडचण नव्या घरात उरलीच नव्हती. तरीही १९५४ च्या मार्चमध्ये रेनल्ड्स कोलिझियममध्ये स्पर्धा भरली, केसच्या संघाने वेक फॉरेस्टला जादा वेळेत ८२–८० असे हरवून ती जिंकली, आणि साखळीतील क्रम काहीही असो, स्पर्धेचा विजेता तोच परिषदेचा विजेता, असा दंडक या मंडळींनी आपल्या दप्तरी घातला. नव्या संसाराला खजिन्याची निकड होती, भरलेले क्रीडागृह हा महसुलाचा हुकमी मार्ग होता, आणि अंतिम दिवसाच्या तिकिटाला मोल यावयाचे तर त्या दिवशी काहीतरी मोलाचे पणाला लागणे अवश्य होते. कारण नाहीसे झाल्यावरही कार्य शिल्लक राहिले ते असे.

ही सारी मंडळी गोऱ्या विद्यार्थ्यांच्या संस्थांची होती, हे येथे नमूद केले पाहिजे. वर्णभेदाच्या भिंतीपलीकडे कृष्णवर्णीय महाविद्यालयांची सी.आय.ए.ए. ही संघटना १९१२ पासून नांदत होती, आणि १९४६ साली तिने वॉशिंग्टनमधील टर्नर्स अरीना येथे आपली स्वतंत्र स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षीचा विजेता नॉर्थ कॅरोलायना कॉलेजचा संघ ज्याने घडविला तो जॉन मॅक्लेंडन कॅन्ससमध्ये प्रत्यक्ष नेस्मिथच्या हाताखाली शिकलेला होता. वर्णामुळे त्याला तेथील विद्यापीठाच्या संघातून खेळता आले नाही, पण खेळाच्या जनकाची विद्या मात्र त्याला थेट मिळाली. रॅलीपासून अवघ्या काही कोसांवरील डरॅम येथे तो शिकवीत असता केसच्या आणि त्याच्या संघांना एका स्पर्धेत उतरण्याची मुभा नव्हती. एकाच गरजेतून निघालेले दोन प्रवाह शेजारी शेजारी, पण अलग वाहत राहिले.

अटलांटिक कोस्टच्या दंडकाला खरी धार आली ती राष्ट्रीय नियमामुळे. १९३९ साली आठ संघांनिशी सुरू झालेल्या, एन.सी.ए.ए. या देशव्यापी महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत परिषदेमागे एकच संघ घ्यावा असा शिरस्ता होता, आणि तो एक कोण हे येथे तीन दिवसांत ठरत असल्याने त्या तीन दिवसांवर साऱ्या वर्षाचा भार येऊन पडे. १९५७ साली नॉर्थ कॅरोलायनाने बत्तीसच्या बत्तीस सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले खरे, परंतु परिषदेच्या उपांत्य सामन्यात वेक फॉरेस्टवर मिळविलेला ६१–५९ हा निसटता विजय जर हातचा गेला असता, तर राष्ट्रीय स्पर्धेचे दारही त्या संघाला दिसले नसते. या भयाने खेळाचे रूपही पालटविले. चेंडू हाती आला की तो प्रतिस्पर्ध्यास मिळू न देणे हेच शहाणपण ठरले. १९६८ च्या उपांत्य सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने ड्यूकला १२–१० असे हरविले, आणि १९८२ च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने व्हर्जिनियाविरुद्ध ४७–४५ असा विजय मिळविताना उत्तरार्धात मिनिटामागून मिनिटे चेंडू नुसता खेळवीत ठेवला. दूरचित्रवाणीवर ते पाहून कंटाळलेल्या जनतेचा रोष नियम करणाऱ्यांपर्यंत पोहोचला. पुढच्याच मोसमात या परिषदेने चेंडू फेकण्यास कालमर्यादा घालून पाहिली, आणि १९८५–८६ पासून पंचेचाळीस सेकंदांची मर्यादा देशभरच्या पुरुष महाविद्यालयीन खेळास लागू झाली.

तत्पूर्वी ९ मार्च १९७४ रोजी ग्रीन्सबरो येथे या न्यायाची परिसीमा झाली होती. नॉर्थ कॅरोलायना स्टेट आणि मेरीलंड हे देशातील पहिल्या चार-पाचांत गणले जाणारे दोन संघ अंतिम सामन्यात भिडले. टॉम बर्ल्सनने एकट्याने ३८ गुण केले, आणि जादा वेळेनंतर स्टेटने १०३–१०० असा विजय मिळविला. स्टेटने पुढे राष्ट्रीय अजिंक्यपदही पटकाविले, आणि मेरीलंड मात्र घरी बसले. इतका समर्थ संघ ज्या नियमाने वगळला जातो तो नियम सदोष असला पाहिजे, ही भावना बळावण्यास या सामन्याने मोठा हातभार लावला, आणि १९७५ पासून राष्ट्रीय स्पर्धा बत्तीस संघांची होऊन परिषदेमागे एकाहून अधिक संघांना प्रवेश मिळू लागला.

आता बाद स्पर्धा निस्तेज होऊन मावळेल असे कोणासही वाटले असते; घडले ते नेमके उलट. पराभूत बलाढ्य संघाला दुसरे दार उघडल्यामुळे स्पर्धेतील अन्याय बोथट झाला, आणि तिच्यापासून मिळणारे द्रव्य व कीर्ती यांवर हक्क सांगण्यास सर्वच परिषदा पुढे सरसावल्या. साउथवेस्टने १९७६ साली, बिग एटने १९७७ साली स्पर्धा सुरू केली, साउथईस्टर्नने १९७९ साली आपली जुनी वहिवाट पुन्हा चालू केली, आणि त्याच वर्षी जन्मलेल्या बिग ईस्टने १९८३ पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आपला दरबार मांडला. गुणतक्त्याचा अभिमान बाळगणाऱ्या बिग टेननेही १९९८ साली मान तुकविली, आणि सर्वांत शेवटी, २०१७ साली, आयव्ही लीगने. लहान परिषदांतून आजही एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेत जातो, त्यामुळे त्यांच्या स्पर्धेत १९७० ची जुनी क्रूरता अबाधित आहे. मोठ्या परिषदांत ही स्पर्धा दुर्बळांची आशा झाली आहे. २०२४ साली दहावे मानांकन असलेल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटने पाच दिवसांत पाच सामने जिंकून अटलांटिक कोस्टचे अजिंक्यपद मिळविले, आणि एरवी ज्या स्पर्धेत त्याला कोणी बोलाविलेही नसते तिच्या अखेरच्या चार संघांत जाऊन तो बसला.

इतक्यात चक्राचा एक फेरा पुरा झाला आहे. दूरचित्रवाणीच्या मक्त्यांच्या लोभाने परिषदा पुन्हा फुगल्या. २०२४ पासून अटलांटिक कोस्टमध्ये कॅलिफोर्नियातील दोन विद्यापीठे धरून अठरा सभासद आहेत, बिग टेनमध्येही तितकेच. प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी आणि बाहेर खेळावयाचे तर चौतीस सामने लागतील, आणि तेवढा अवकाश कोणत्याच हिवाळ्यात नसल्याने गुणतक्ता पुनश्च विषम व संशयास्पद झाला आहे. सत्तर वर्षे केवळ अलंकार म्हणून मिरविलेली बाद स्पर्धा अशा रीतीने पुन्हा गरजेची वस्तू बनली; फरक एवढाच की, १९२२ साली परक्यालाही सामावून घेणाऱ्या या वहिवाटीने २०२५ साली अटलांटिक कोस्टच्या अठरांपैकी पंधराच संघांना आत घेतले आणि तिघा घरच्यांना उंबरठ्यावरूनच परत पाठविले. ज्यांची गाठ पडत नाही त्यांना एकत्र आणावे म्हणून जी प्रथा निघाली, तिनेच आता कोणाला बोलवावयाचे नाही याची यादी करावी, यात विसंगती असेल. पण महसुलाच्या हिशेबावर पोसलेल्या कोणत्याही प्रथेचा वंशविस्तार याहून निराळा झाल्याचे क्वचितच आढळते.